सायकल संपल्यानंतरचे तीन महिने

प्रश्न : नमस्कार. वय २६, कोल्हापूर. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. चार वर्षं जिम करतो. गणपतीनंतर जिल्हा श्री या बॉडीबिल्डिंग स्पर्धेला उतरायचं म्हणून कोचनी सायकल, म्हणजे ठरावीक आठवड्यांचा स्टेरॉइडचा कोर्स, लावली. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, सोमवारी आणि गुरुवारी २५०-२५० मिलिग्रॅम, आणि पहिले सहा आठवडे रोज ३० मिलिग्रॅम डायनाबोलच्या गोळ्या. आता दहावा आठवडा चालू आहे. वजन ७३ वरून ८४ झालं. पण पाठीवर मोठे फोड आलेत, डाव्या निपलखाली सुपारीएवढी दुखरी गाठ आहे आणि मेडिकलवाल्याने बीपी १५०/९६ सांगितलं. कोच म्हणतात, घाबरू नको, लिव्हर टॉनिक चालू आहे, गाठीला टॅमॉक्सिफेन देतो, बाराव्या आठवड्यानंतर डेका (नॅन्ड्रोलोन, दुसरं स्टेरॉइड) लावू. वर्कआउटच्या आधी कधीकधी मेफेंटरमिनचं इंजेक्शनही देतात. घरी काही माहीत नाही. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे, म्हणजे अजून पाच महिने. गाठ जाईल का? मूल व्हायला अडचण येईल का? एकदम बंद केलं तर शरीर कोसळतं असं कोच म्हणतात, ते खरं का? आम्ही तिघं मिळून वायल (इंजेक्शनची बाटली) आणतो. त्यातला एक बारावीत आहे, त्यालाही हेच चालू आहे.

उत्तर :

तुझ्या बंद करण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. हो, आत्ताच बंद करायचं. येत्या सोमवारचं इंजेक्शन घ्यायचं नाही, गुरुवारचंही नाही. डेका तर नाहीच. आणि मेफेंटरमिन आज, हे वाचल्या क्षणापासून बंद.

एकदम बंद केल्याने जीवावर बेतण्याची भीती खरी आहे, पण ती वेगळ्या स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही दम्याला, संधिवाताला देतात ती औषधं. ती बरेच दिवस घेतली की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी काम सोडतात, आणि औषध अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. तू घेतोयस ते टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं आहे. त्यात हा धोका नाही. एनॅन्थेट तेलात असतं, स्नायूतून हळूहळू रक्तात उतरतं, साधारण साडेचार दिवसांत निम्मं होतं. म्हणजे शेवटच्या टोचणीनंतर तीनेक आठवडे ते स्वतःच उतरत जातं, तुला वेगळं कमी करत आणावं लागत नाही. फक्त एक खात्री कर. कोचने ‘भूक लागायच्या’ किंवा ‘वजन भरायच्या’ सुट्या, बिननावाच्या गोळ्या दिल्या आहेत का? अशा पुड्यांत डेक्सामेथासोन निघतं. त्या दोन-तीन आठवड्यांहून जास्त चालू असतील तर तेवढ्या मात्र मनाने थांबवू नकोस, डॉक्टरांना दाखवून कमी कर.

तरी कोचचं बोलणं सगळंच खोटं नाही. थांबल्यावर तुला खाली आल्यासारखं वाटणार आहे. सायकल घेणारी बरीच मुलं पुन्हा सुईकडे वळतात ती हव्यासापायी नाही, या खाली येण्यापायी. ते का होतं आणि किती दिवस टिकतं हे आधी माहीत असलं तर निभावतं. म्हणून ते नीट समजून घे.

गच्चीवरच्या टाकीला फ्लोट असतो. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरलं की नळ पुन्हा सुरू. तुझ्या मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी आहे, तिचं काम असंच चालतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं की ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते. एलएच वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, एफएसएच शुक्राणू बनवायला मदत करतं. निरोगी तरुणाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतं, म्हणजे आठवड्याला ३५ ते ५०. तू आठवड्याला ५०० मिलिग्रॅम एनॅन्थेट घेतोस. त्यातला एनॅन्थेट हा जोड रेणू वजा केला तरी ३६० मिलिग्रॅमच्या आसपास निव्वळ टेस्टोस्टेरॉन होतं. घरच्या नळाच्या सात ते दहापट पाणी टँकरने ओतल्यासारखं. फ्लोट वर गेला तो दहा आठवडे खाली आलेलाच नाही. एलएच आणि एफएसएच जवळपास शून्यावर असणार, वृषण आकाराने लहान झालेले तुझ्या लक्षातही आले असतील.

आता टँकर थांबवला. टाकी तीन आठवड्यांत रिकामी होईल. पण नळ त्याच दिवशी पूर्ण दाबाने सुरू होत नाही, गंजलेला असतो. मधल्या काळात बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही, अशी स्थिती येते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ती जाणवू लागते आणि दोन-तीन महिने टिकते, काहींना त्याहून जास्त. पहिल्या काही आठवड्यांत तीन-चार किलो वजन उतरेल. त्यातलं बरंचसं पाणी असेल, कारण टेस्टोस्टेरॉन आणि डायनाबोल दोन्ही अंगात पाणी धरून ठेवतात. बेंच प्रेसवर गेल्या महिन्याचं वजन हलणार नाही. झोप तुटक होईल, कामेच्छा जाईल, सकाळचं ताठरपण जाईल. आणि विनाकारण रडू येणं, चिडणं, कशातच मन न लागणं, हेही होईल. हे तुझं खरं शरीर नव्हे, तुझा स्वभाव नव्हे, आणि ‘नॅचरलमध्ये काही उरलं नाही’ याचा पुरावा तर मुळीच नव्हे. नळ उघडायला वेळ लागतोय, एवढाच त्याचा अर्थ.

नेमकं याच वेळी कोणीतरी म्हणेल, ‘थोडं चालू ठेव, क्रूझ कर,’ किंवा ‘आठवड्याला एकच घे, लग्नापर्यंत.’ तो एक सीसी घेतला की दोन दिवसांत बरं वाटेल आणि फ्लोट पुन्हा वर जाईल. मग मोजणी पुन्हा शून्यापासून. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं जेल सुचवतील, त्याचाही परिणाम तोच. पीसीटी (सायकलनंतरचा उपचार) म्हणून मिळणारं पाकीटही मनाने घेऊ नकोस. क्लोमिफेन किंवा एचसीजी ही नळ सुरू करायची औषधं एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, काही रुग्णांना देतात, पण रक्ततपासणी पाहून, नळ कुठे अडकलाय हे ठरवून.

या दिवसांत मन फारच खाली गेलं, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर ते सहन करत बसायचं नाही. टेस्टोस्टेरॉन अचानक पडल्यावर येणारं नैराश्य खरंखुरं असतं आणि त्यात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं. आणि घरातल्या एकाला तरी, भावाला किंवा जवळच्या मित्राला, आत्ताच सांगून ठेव की पुढचे तीन महिने माझ्याकडे जरा लक्ष दे.

आता मुलाचा प्रश्न. ‘टेस्टोस्टेरॉन घेतलं म्हणजे मर्दपणा वाढला, मग मूल का होणार नाही’ असं वाटणं साहजिक आहे. पण शुक्राणू रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर बनत नाहीत. ते वृषणाच्या आत तयार झालेल्या टेस्टोस्टेरॉनवर बनतात, आणि तिथलं प्रमाण रक्तापेक्षा कैक पटींनी जास्त लागतं. सुईने रक्त भरतं, वृषण आतून कोरडं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने याच गुणधर्मावर पुरुषांसाठी गर्भनिरोधक तयार करायचा प्रयत्न केला होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिलं, तुझ्या निम्म्याहून कमी. सहा महिन्यांत त्यांतल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही.

दिलासा देणारा भाग असा की अशा अभ्यासांत औषध थांबवल्यावर शुक्राणू परत आले. ते किती दिवसांत आले याचा एकत्रित हिशोब झालेला आहे. सहा महिन्यांत सुमारे ६७ टक्के पुरुषांचे, वर्षभरात ९० टक्क्यांचे, दोन वर्षांत जवळपास सगळ्यांचे शुक्राणू पुन्हा मिलिलिटरला २ कोटींवर गेले. मात्र ती माणसं निरोगी होती, औषध एकच होतं, डोस बेताचा होता आणि डॉक्टर देखरेखीला होते. तुझा डोस अडीचपट आहे. तरी पहिलीच सायकल, दहा आठवडे आणि वय २६, या तिन्ही गोष्टी तुझ्या बाजूने आहेत. वाईट अवस्था होते ती सायकलवर सायकल करणाऱ्यांची. म्हणूनच डेकाला इतक्या ठामपणे नको म्हटलं. नॅन्ड्रोलोन डेकॅनोएट शरीरात फार रेंगाळतं, त्याचे अंश डोपिंग चाचणीत वर्षभरानंतरही सापडू शकतात, आणि ते असेपर्यंत फ्लोट खाली येत नाही. बाराव्या आठवड्यानंतर डेका लावलं तर तुळशीचं लग्न सोड, पुढच्या वर्षीचे मुहूर्तही त्याच अवस्थेत जातील.

वीर्यतपासणी आत्ता करू नकोस. आत्ता शून्य येण्याचीच शक्यता आहे आणि तो कागद हातात घेऊन तू उगाच खचशील. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, पुढे बाहेर येण्याच्या वाटेवर आणखी काही दिवस. शेवटच्या इंजेक्शननंतर तीन महिने पूर्ण झाले की पहिली तपासणी, मग सहाव्या महिन्यात दुसरी. तपासणीआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपात झालेला नसावा, आणि नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. पण शुक्राणू बंद आहेत म्हणून गर्भ राहणारच नाही, असं गृहीत धरू नकोस. काहींचे पूर्ण बंद होत नाहीत, आणि परत केव्हा सुरू झाले ते बाहेरून कळत नाही.

गाठीचं. जिममध्ये याला गायनो म्हणतात. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि निपलमागची दूधग्रंथी वाढू लागते. डायनाबोलचंही तसंच होतं. गाठ दुखते म्हणजे ती अजून नवी आहे, आणि नवी गाठ औषध थांबल्यावर कमी होऊ शकते. वर्षभर तशीच राहिली तर तिथे घट्ट तंतू तयार होतात. मग कुठल्याही गोळीने ती जात नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. थांबायची घाई करायला हे एक कारण पुरेसं आहे. रोज दाबून पाहू नकोस, दाबल्याने सूज वाढते. टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी या गाठीवर डॉक्टरही वापरतात, पण कोचच्या हातून ते नको. टॅमॉक्सिफेनने शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि टेस्टोस्टेरॉनने तुझं रक्त आधीच दाट झालेलं असण्याची शक्यता आहे. आधी रक्त तपासायचं, मग ठरवायचं. गाठ निपलच्या बरोबर मागे नसून बाजूला असेल, दगडासारखी कडक असेल किंवा निपलमधून रक्त येत असेल, तर वाट न पाहता सर्जनकडे जा.

पाठीवरचे फोड फोडू नकोस, वण राहतात. औषध उतरलं की तेही बसतात.

बीपीच्या आकड्याबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तुझा दंड जाड आहे. मेडिकलमधला नेहमीचा पट्टा त्यावर लहान पडतो आणि लहान पट्टा बीपी खोटं जास्त दाखवतो. दंडाचा घेर टेपने मोज. ३४-३५ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा, लार्ज साइजचा पट्टा माग. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बस आणि मग मोज. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस वहीत लिही. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते खरंच वाढलेलं आहे. पण लहान पट्ट्याचा आधार घेऊन १५०/९६ झटकून टाकायचं नाही. या औषधांनी बीपी वाढतंच.

हृदयाविषयी थोडं विस्ताराने लिहितो, कारण आरशात दिसत नाही ते इथे घडतं. डायनाबोलसारख्या गोळ्या एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, जोरात पाडतात. याच जातीच्या स्टॅनोझोलॉलच्या गोळीने सहा आठवड्यांत एचडीएल एक तृतीयांशाने उतरलेलं नोंदलं गेलं आहे. (१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये बेन जॉन्सनचं शंभर मीटरचं सुवर्णपदक ज्याने गेलं, तेच हे औषध.) दुसरीकडे अस्थिमज्जा जास्त लाल पेशी बनवते आणि रक्त दाटतं. तिसरीकडे हृदयाचा स्नायू जाड आणि ताठ होतो. दंड जाड झाला तर शर्ट घट्ट होतो. हृदय जाड झालं तर त्याला नीट सैल पडून भरताच येत नाही. वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले घेणारे सगळे मिळून किमान दोन वर्षं स्टेरॉइडवर राहिलेले होते. हृदय एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ईएफ, न घेणाऱ्यांत सरासरी ६३ होता आणि घेणाऱ्यांत ५२. त्यातही तपासणीच्या वेळी औषध चालू असलेल्यांचा ४९ आणि सोडलेल्यांचा ५८. हा शेवटचा फरक लक्षात ठेव. सोडलं की हृदय सावरू शकतं, आणि तू दोन वर्षांवर नाहीस, दहा आठवड्यांवर आहेस. डेन्मार्कमध्ये जिमच्या सदस्यांचीही डोपिंग चाचणी होते. तिथे पकडलेल्या १,१८९ पुरुषांचा सरासरी ११ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण २.८ पट निघालं.

आणि अशा हृदयावर तुझा कोच मेफेंटरमिन टोचतो. हे स्टेरॉइड नाही. सिझेरियनच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचं बीपी कोसळतं, तेव्हा भूलतज्ज्ञ ते वर आणायला हे वापरतात. मॉनिटरवर डोळा ठेवून, मोजकं, काही मिलिग्रॅम. बाजारातली वायल बहुधा १० मिलिलिटरची असते आणि एका मिलिलिटरमध्येच ३० मिलिग्रॅम असतं. बीपी १५० वर, रक्त दाट, त्यात हे इंजेक्शन आणि त्यावर डेडलिफ्ट. मेंदूत रक्तस्राव व्हायला किंवा हृदयाची लय बिघडायला आणखी काय हवं? शिवाय त्याची सवय लागते, आणि काही मुलांना ‘कोणीतरी माझ्या मागावर आहे’ असे भास होतात. राज्यात पोलिसांनी जिमच्या पोरांना हे विकणाऱ्यांना वारंवार पकडलं आहे. त्यात पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करणारी मुलंही सापडतात, याचं फार वाईट वाटतं.

लिव्हर टॉनिकबद्दल थोडक्यात. डायनाबोल पोटातून घेता यावं म्हणून त्याच्या रेणूत असा बदल केलेला असतो की यकृताला ते सहज मोडता येत नाही. त्याचा भार यकृतच सोसतं. पित्त तुंबतं, कावीळ होते, क्वचित यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात. टॉनिकने हे थांबतं याला आधार नाही. सिबा कंपनीने १९५८ मध्ये आणलेलं हे औषध तिनेच १९८३ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढलं. आज जिममध्ये मिळतात त्या गोळ्यांत काय आणि किती आहे याची हमी कोणीच देत नाही. तुझ्या गोळ्या संपून चार आठवडे झालेत, तरी अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढरट, डोळे पिवळे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आता काय करायचं ते क्रमाने. जिमला आठवडाभर सुट्टी दे आणि मगच रक्त दे. हे मुद्दाम सांगतोय, कारण जड व्यायामानंतर एसजीओटी, एसजीपीटी स्नायूंतूनही वाढतात आणि यकृत बिघडल्याचा खोटा संशय येतो. म्हणून सोबत जीजीटी आणि सीपीके करून घे. जीजीटी वाढलं तर यकृताकडे बोट, एकटं सीपीके वाढलं तर स्नायूंकडे. सीबीसीमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत तो आकडा, पाहा. ५४ च्या वर असेल तर तो थांबून चालण्यासारखा आकडा नाही. रक्त पातळ करायचं म्हणून रक्तदान शिबिरात जायचा सल्ला जिममध्ये देतात, तो पाळू नकोस. सामायिक वायलमधून टोचून घेणाऱ्याने रक्तदान करायचं नसतं, ते रक्त एखाद्या बाळंतिणीला चढतं. लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, ईसीजी आणि टूडी इको हे आत्ताच. क्रिएटिनिन जास्त स्नायूंमुळे आणि क्रिएटिन पावडरीमुळेही वर दिसतं, शंका आली तर मूत्रपिंडाची सिस्टॅटिन सी ही तपासणी करता येते. हार्मोनच्या तपासण्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिऑल आणि प्रोलॅक्टिन, आत्ता निरर्थक आहेत. त्या शेवटच्या इंजेक्शननंतर सहा आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी.

वायल तिघांत एकच. सुई नवी असली तरी वापरलेली सिरिंज एकदा जरी परत त्या वायलमध्ये बुडवली गेली असेल तर एकाचं रक्त तिघांत गेलं असं धर. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही तपासण्या आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, कारण लागण झाल्यावर चाचणीत दिसायला वेळ लागतो. हिपॅटायटिस सीची सहा महिन्यांनीही एकदा करून घे. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत आणि गुप्त होते. शेवटचं सामायिक इंजेक्शन गेल्या ७२ तासांतलं असेल तर आजच तिथे जा, एचआयव्ही रोखणारी औषधं त्या मुदतीतच सुरू करता येतात. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस घे. कुल्ल्यावर टोचलेल्या जागी लाली, गरमपणा, ताप असेल तर गळू झालंय. ते शेकून बसत नाही, चिरा द्यावा लागतो.

डॉक्टर कोण? पुढच्या उपचारासाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट लागेल. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, मेडिसिनच्या ओपीडीतून सुरुवात कर. जाताना रिकाम्या वायल आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो ने, आणि तारीख, नाव, मिलिग्रॅम असं एका कागदावर लिहून ने. ‘थोडं सप्लिमेंट घेतलं’ असं सांगितलंस तर रिपोर्ट चुकीच्या अंगाने वाचले जातील. डॉक्टर तुझी तक्रार करणार नाहीत, तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकणं हा विकणाऱ्याचा गुन्हा.

छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, एकाच पायाची पोटरी सुजणं, बोलताना तोंड वाकडं होणं किंवा एक हात लुळा पडणं, यांपैकी काहीही झालं तर १०८.

व्यायाम सोडू नकोस, तोच तुला या तीन महिन्यांतून काढेल. आठवड्याच्या सुट्टीनंतर सेट एक तृतीयांशाने कमी कर, आणि एक-दोन रेपची जास्तीत जास्त वजनं काही महिने नकोत. दहा आठवड्यांत स्नायू फुगले तरी त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे त्या वेगाने मजबूत झालेले नसतात. बेंचवर छातीचा किंवा कर्लमध्ये बायसेपचा कंडरा तुटतो तो असाच. प्रोटीन किलोला १.६ ग्रॅम, म्हणजे तुला दिवसाला १३० ग्रॅमच्या आसपास. अंडी, दूध, मटण, कडधान्यातून ते बऱ्यापैकी निघतं. यंदाची जिल्हा श्री मात्र सोडून दे. स्टेजच्या आधी पाणी काढायला लघवीच्या गोळ्या देतात, त्यांनी पोटॅशियम ढासळून हृदय थांबतं. मोहम्मद बेनाझिझासारखा जगातला आघाडीचा बॉडीबिल्डर १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये स्पर्धेनंतर काही तासांत गेला. तुझं बीपी आत्ता आहे तिथे हा जुगार नकोच.

लग्न. होणाऱ्या बायकोला सांग, पण पहिले रिपोर्ट आणि दीड महिन्यानंतरचे हार्मोन हातात आल्यावर. ‘मी स्पर्धेसाठी इंजेक्शनं घेतली, चूक झाली, बंद केली, हे रिपोर्ट आहेत, मूल व्हायला कदाचित वर्ष लागेल,’ इतकं पुरे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तीन महिन्यांची तपासणी लग्नाआधी पूर्ण झालेलीच हवी. हे तिचं देणं आहे. आणि पहिल्या रात्रीची धास्ती वाटून पुन्हा एक सीसी घ्यावासा वाटेल, तेव्हा सरळ डॉक्टरांना फोन कर. त्या अडचणीवर वेगळे, साधे उपाय असतात.

तुझ्या पत्रातलं बारावीच्या मुलाचं वाक्य सगळ्यात शेवटी आलं, पण काम त्याचं आधी कर. सतरा-अठराव्या वर्षी हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा काहींच्या अजून उघड्या असतात. जादा टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि ते या कूर्चा वेळेआधी बंद करतं, मग उंची तिथेच थांबते आणि ती कुठल्याही औषधाने परत मिळत नाही. त्याच्या पिट्युटरीचं चक्रही नुकतंच बसतंय. त्याला सोमवारच्या आधी भेट, तुझी गाठ आणि बीपीचा आकडा दाखव, आणि त्याच्या आईवडिलांना तू स्वतः सांग. तो चिडेल, कोचही चिडेल. वायल तुझ्याकडे असेल तर ती त्याला देऊ नकोस.